कुंड्यांमागचे कान

तिसरी कुंडी वहिनीने दोन्ही हातांनी उचलली आणि कुंपणाच्या भिंतीवर आपटली. खापरं उडाली, नेच्याचं रोप मुळांसकट बाहेर पडलं. पुढच्या कुंडीला तिने लाथ घातली. ती फुटली नाही, नुसती गडगडत गेली, म्हणून तिच्यामागे जाऊन तिने तिला आणखी एक लाथ घातली.

“अहो बाई! अहो, हे काय चालवलंय?”

डॉक्टर मागच्या दारातून अनवाणीच धावत आले. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. बंगला त्यांचा, झाड त्यांचं आणि कुंड्याही त्यांच्याच.

वहिनी खरं तर फक्त दोर न्यायला आली होती. अपघाताच्या दिवशी दोर, पट्टे, करवत सगळं इथल्या शेडमध्ये टाकून ती नवऱ्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसली होती, आणि तेव्हापासून इकडे फिरकायची तिची छाती होत नव्हती. आज मन घट्ट करून आली, बाजूच्या वाटेने मागे गेली आणि झाड पाहिलं. बुंध्याशी मोडून भिंतीवर रेललेलं, शेंड्याला मात्र पानं अजून हिरवी. तेही तिने सोसलं असतं. पण त्या दिवशी उलथ्यापालथ्या झालेल्या कुंड्या कोणीतरी उचलून पुन्हा बुंध्याशी ओळीने मांडल्या होत्या, वर पाणीसुद्धा घातलं होतं. त्या ओल्या कुंड्या बघितल्या आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यांच्यामागे काय लपवलं होतंत ते बघतेय,” ती म्हणाली. “नीट, उजेडात.”

मागे होते ते कान. झाडं छाटणारी, तोडणारी माणसं त्यांना कान म्हणतात: बुंध्यातून आडव्या फुटलेल्या, लाकडासारख्या कडक, वरून तपकिरी आणि कडेला पांढऱ्या थाळ्या. बुरशीच ती. रुंद पानांच्या कुठल्याही झाडाला धरते, मुळाशी झालेल्या एखाद्या जखमेतून आत शिरते आणि आतलं लाकूड खात बसते. वर्षानुवर्षं बाहेर काही कळत नाही. झाड पालवतं, फुलतं, सावली देतं, आणि कान बाहेर येतात तेव्हा बुंध्यात बहुतेक भुसाच उरलेला असतो. कानांखालून कोकोसारखी तपकिरी पूड झडत राहते. ती कुंड्यांच्या कडांवर साचली होती. वहिनीला ती त्या दिवशीही दिसली होती आणि तिने ती माती समजली होती. हे आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

या धंद्यात झाडावर चढणाऱ्याला वरचा म्हणतात आणि खाली दोर धरणाऱ्याला खालचा. वहिनी खालची. तिचा नवरा, ज्याला धंद्यातले सगळे दादा म्हणतात, तो वरचा. रीत अशी की दोर टाकण्याआधी खालच्याने झाडाभोवती फेरी मारायची, बुंध्याशी माती उकरून बघायची, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि मग म्हणायचं, चढ. तो शब्द आल्याशिवाय वरचा जमिनीवरून पाय उचलत नाही. खालच्याने नाही म्हटलं तर त्या दिवशी ते झाड झालं नाही. त्यावर वाद नाही, रुसवेफुगवे नाहीत. घरी वहिनी नवऱ्याला अहो म्हणायची, पण झाडाखाली अहो-जाहो करत बसायला कोणाला वेळ असतो? तिथे ती सरळ म्हणायची, चढ.

त्या दिवशीही तिने फेरी मारली होती. भिंतीकडच्या बाजूला कुंड्यांची दाटी, त्यांच्यावरून नेचे ओसंडलेले. बघून वाटलं, या कुंड्या कित्येक वर्षांत जागच्या हललेल्या नाहीत. दादा पट्टा आवळून तयार होता. तिने कुंड्यांवरून वाकून, हात लांबवून बुंध्यावर टोले घातले. हात पोचला तिथे आवाज भरीव आला आणि ती म्हणाली, चढ. वरची मोठी फांदी कापून सुटली, झाडाला हिसका बसला, बुंधा मुळाशी चुरमडला आणि झाड दादाला घेऊन भिंतीवर गेलं. उलथलेल्या कुंड्यांमागचे कान तिला तेव्हा दिसले.

“आयुष्यभर दात बघायचात ना?” ती डॉक्टरांवर ओरडली. “कीड दिसली की तिच्यावर कुंडी ठेवायचात? झाड जाईल, सावली जाईल म्हणून झाकून ठेवलंत! माणूस गेला असता माझा. पाय मोडून पडलाय तो. आणि तुम्ही इथे झाऱ्याने पाणी घालताय!”

“बाई, माझं ऐकून तर घ्या.”

“काय ऐकू?”

डॉक्टरांनी वाकून जमिनीवरचं एक रोप उचललं. त्याचं काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते तसंच हातात धरून उभे राहिले. पांढरी मुळं त्यांच्या सदऱ्यावर माती गाळत होती.

“लपवलं नाही हो मी. नेच्यांना सावली लागते म्हणून कुंड्या तिथे. आणि ते कान म्हणता तुम्ही, ते मला शोभेचंच काहीतरी वाटायचं. उलट मीच त्यांना दाखवले.”

“कोणाला?”

“तुमच्या मिस्टरांना. आदल्या दिवशी झाड बघायला एकटे आले होते ना, तेव्हा. म्हटलं, बुंध्याला हे काय आलंय बघा जरा. त्यांनीच कुंड्या बाजूला केल्या.”

वहिनीने पुढची कुंडी उचललेली होती. ती तशीच छातीशी राहिली.

“मग?”

“स्क्रू ड्रायव्हर घातला त्यांनी आत. मुठीपर्यंत गेला. थोडा वेळ उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, एक फांदीच तर काढायचीय, काही होत नाही. आणि कुंड्या परत लावल्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, राहू द्या, जशा होत्या तशाच लावायला हव्यात.” डॉक्टर जरा अडखळले. “म्हणाले, आमच्या खालच्या माणसाला हे दिसलं तर उद्या काम होणार नाही. आता मला काय ठाऊक, खालचं माणूस म्हणजे तुम्ही.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“त्यांना त्यातलं कळतं म्हणून बसलो. चुकलंच माझं. पण नंतर तरी... मला वाटलं, एव्हाना तुम्हाला माहीत असेल.”

वहिनीने कुंडी खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली. मग दोर कुठे आहेत ते विचारलं, शेडमध्ये जाऊन त्यांची वेटोळी खांद्यावर घेतली, करवत हातात घेतली. निघताना डॉक्टरांनी चाचरत विचारलं, झाडाचं काय करायचं?

“जवळ जाऊ नका. पाणीही घालू नका. क्रेन लागेल. मी बघते.”

संतापलेली असली तरी एवढं तिने सांगितलं. धंदा धंद्याच्या जागी.

घर तसं लांब होतं. बसमध्ये चढायला गेली तर कंडक्टर करवतीकडे बघून नको म्हणाला. ती भांडली नाही, चालायला लागली. दोर खांद्यात रुतत होते आणि तिला ते बरंच वाटत होतं.

स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत. म्हणजे त्याला कळलं होतं. कळलं होतं आणि त्याने एकेक कुंडी उचलून जागेवर ठेवली होती. नेच्याची पानं कशी ओघळली होती तेही लक्षात ठेवून. तिचे डोळे कुठे जातात, हात कुठवर पोचतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्यासाठी एवढ्या निगुतीने दुसरं काही केल्याचं तिला आठवेना.

का केलं तेही तिला कळत होतं. गेल्या महिन्यात एका झाडाला ती नाही म्हणाली होती. आवाज तिला पटला नव्हता. दादा मुकाट्याने दोर गुंडाळून परत आला. दुसऱ्या दिवशी बारक्याने, धंद्यातल्याच दुसऱ्या एका वरच्याने, तेच झाड केलं. बारक्या नावाचाच, अंगाने दोन माणसांएवढा. तो चढला, छाटलं, उतरला, झाडाला काही झालं नाही. मग धंद्यात गंमत सुरू झाली. दादाला चढायला घरून परवानगी लागते. दादा, आज वहिनींनी सही केली का? दादा त्यांच्याबरोबर हसायचा आणि घरी येऊन जेवताना एक शब्द बोलायचा नाही.

आणि ती, मूर्खासारखी, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर रडत म्हणाली होती, माझंच चुकलं, मी कुंड्या हलवल्या नाहीत. स्ट्रेचर शेजारीच होतं. दादा शुद्धीवर होता. तिने हे म्हटलं तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तिला वाटलं होतं, वेदनेने.

तेव्हापासून तिचा शब्द कोणी घेत नव्हतं. बारक्याकडे अधूनमधून ती खालचं काम करायची. त्याने निरोप पाठवला, वहिनी, सध्या राहू द्या. त्याचं काही चुकलं नव्हतं. जिच्या चढ म्हणण्यावर माणूस पडला, तिच्या शब्दावर दुसरा कोण चढेल? बाकी कुठलं काम तिला येत नव्हतं असं नाही, पण हे तिचं होतं. झाडाच्या अंगावर हातोडी टाकून आत काय चाललंय ते ऐकणं, आणि वर लोंबकळणाऱ्या माणसाचा जीव आपल्या मुठीत धरून न डगमगणं. ते गेलं होतं, आणि ते कोणी काढून घेतलं ते आज कळलं होतं.

घरी सासूबाईंची जीभ होतीच. त्या स्वतः सगळं आयुष्य सासऱ्यांच्या खाली दोर धरून उभ्या राहिलेल्या. सासरे झाडावरून पडून गेले, आणि चढ म्हणाली ती हीच, असं धंद्यात अजून बोललं जायचं. दादा तेव्हा शाळेत होता. तो उठून काकाकडे जाऊन राहिला आणि कितीतरी दिवस आईशी बोलला नव्हता. वहिनीला वाटायचं, असं सगळं सोसलेली बाई तरी आपल्याला समजून घेईल. पण सासूबाई रोज ऐकवायच्या. डोळे कुठे होते तुझे? हात झडले होते का कुंड्या हलवायला? वहिनी मान खाली घालून ऐकायची, कारण तिलाही तेच वाटायचं.

दाराला कडी लावलेली नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीशी दादाची कॉट, मांडीपासून खाली प्लॅस्टर. सासूबाई कॉटच्या कडेला बसून त्याच्या हाताची नखं कापत होत्या. एवढा थोरला बाप्या, हात पुढे करून बसला होता.

“मिळाले दोर?” त्याने विचारलं.

वहिनीने खांद्यावरची वेटोळी कॉटच्या पायथ्याशी टाकली. करवत मात्र जपून ठेवली.

“कुंड्या परत लावायला किती वेळ लागला?”

“कसल्या कुंड्या?”

“स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. मग तू कुंड्या परत लावल्यास. नेच्यांसकट.”

घरात ती पहिल्यांदाच त्याला तू म्हणत होती. कोणी तिला टोकलं नाही. दादाने हात आईच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

“बोल ना. का केलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. म्हणाले असते.”

“मग दुसऱ्या दिवशी बारक्या गेला असता. पुन्हा तेच सगळं. तुला काय, तू खाली असतेस. चहाच्या टपरीवर मला बसावं लागतं त्यांच्यात.”

“लोक हसतील म्हणून? लोक हसतील म्हणून तू माझ्या तोंडून चढ वदवून घेतलंस?” तिचा आवाज चिरकला, पण तिने तो आवरला नाही. “मेला असतास तर मी जन्मभर काय म्हणत राहिले असते माहितीये? मी मारलं. मी मारलं म्हणत राहिले असते. आणि जगलास तर डोळे मिटून पडलास. मी तिथे सगळ्यांसमोर नाक घासत होते आणि तू डोळे मिटलेस!”

“हळू बोल. आई आहे.”

“असू देत. त्यांनाही कळू दे, कोणाचे डोळे कुठे होते.” ती वळली. “आई, ऐकलंत ना?”

सासूबाईंनी मुलाचा हात पुन्हा ओढून मांडीवर घेतला आणि करंगळी पकडली.

“मला माहितीये,” त्या म्हणाल्या.

नख तुटल्याचा आवाज झाला.

“तो दातांचा डॉक्टर आला होता दवाखान्यात. फळं घेऊन. तू औषधं आणायला गेली होतीस. मीच म्हटलं त्याला, सुनेला मी सांगते, तुम्ही या आता.”

वहिनीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. पण सासूबाईंच्या तोंडावर चुकीचं असं काही नव्हतं. रोजच्यासारखाच चेहरा.

“माहीत होतं तुम्हाला. आणि रोज सकाळी उठून मला...”

“मग काय करू? वरच्याने खालच्याला फसवलं हे एकदा बाहेर गेलं की त्याच्या दोराला कोण हात लावेल? हाड जुळेल त्याचं, पण धंदा उठला तो उठला. खालचीचं काय एवढं? चुकली म्हणतात. चार दिवस बोलतात आणि विसरतात.”

“विसरतात? तुमचं विसरले?”

हे बोलायचं नव्हतं. या घरात ते कोणी बोलत नसे. सासूबाईंनी नेलकटर मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

“मी नाही म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांना. आवाज पोकळ होता. मी दोनदा नाही म्हटलं. ते हसले आणि चढले. मग लोकांना काय सांगायचं? मेलेल्या माणसाने रीत मोडली म्हणून? नाव होतं त्यांचं. मी म्हटलं, चढ म्हणाले ती मीच. घेतलं अंगावर. मला काही झालं? जगले ना? मग तुला काय धाड भरलीय? तुझा तर जिवंत आहे.”

दुःखाचा लवलेश नव्हता त्यांच्या बोलण्यात. होता तो निव्वळ संताप, आपण निमूट उचललेलं ओझं दुसरीला जड वाटतं म्हणून आलेला.

“आई,” दादा कोपरांवर उठायला बघत होता. “म्हणजे बाबा... आई, मी काकाकडे जाऊन... तू मला कधी सांगितलं का नाहीस?”

“हलू नकोस. प्लॅस्टर सरकेल.”

“आई!”

“हलू नकोस म्हटलं ना!”

वहिनीला वाटलं होतं, हे ऐकून आपला राग ओसरेल. म्हातारीची कीव येईल, डोळ्यांत पाणी येईल, काहीतरी होईल. तसलं काही झालं नाही. राग होता तसाच राहिला, उलट वाढलाच; आता त्यात म्हातारीसाठीचा रागही आला आणि म्हातारीवरचाही. गेलेल्या सासऱ्यांवरही ती चिडली, ज्यांना तिने फोटोपलीकडे कधी पाहिलं नव्हतं.

तिने उशाशी पडलेला दादाचा मोबाईल उचलला, बारक्याचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल दादाच्या छातीवर ठेवला.

“बोल,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“डॉक्टरांना जे बोललास ते. बारक्याला सांग, म्हणजे सगळ्यांना कळेल. मला सांगत बसावं लागणार नाही.”

रिंग वाजत होती. दादाने मोबाईल उचललाही नाही आणि बाजूलाही केला नाही. श्वासाबरोबर तो छातीवर वरखाली होत होता. मग पलीकडून करवतीची घरघर ऐकू आली आणि बारक्याचा मोठा, खूश आवाज आला.

“दादा! अरे, आहेस कुठे? कसं वाटतंय आता?”

दादाने आईकडे पाहिलं. सासूबाईंचा हात पुढे झाला. बोट स्क्रीनवरच्या लाल खुणेपाशी पोचलं आणि तिथेच थांबलं. वहिनी जागची हलली नाही. ती फक्त त्या बोटाकडे बघत होती.

“दादा? ऐकू येतंय का?”

सासूबाईंनी हात मागे घेतला. मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

“अरे, बोल की,” बारक्या म्हणाला.